साळूकाकू आणि फाटकावरचं लुगडं

अन्याय झाला तो गोदीवर. तिसरीत शिकणारी, साळूकाकूची धाकटी मुलगी. महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, जिल्हा परिषद नवी नवी होती, आणि नवरात्र बसायच्या आदल्या गुरुवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, आमच्या गावच्या शाळेमागे चुन्याच्या ड्रमापाशी तिचा डावा डोळा गेला. पुढे सगळे म्हणाले, अपघात झाला. मी हा शब्द वापरणार नाही. शाळा तपासायला साहेब येणार होते. भिंती पांढऱ्या व्हायला हव्या होत्या आणि गडी लावायचा नव्हता, म्हणून मुलांच्या हातात कुंचे दिले होते. एका मुलानं कळीच्या चुन्याचा खडा वरून ड्रमात टाकला. चुना उडाला तो काठीनं ढवळणाऱ्या गोदीच्या डोळ्यात.

त्यानंतर जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. एक मुलगी तांब्या घेऊन धावली, तर हेडमास्तर ओरडले, "पाणी नको! चुना उकळते ना बे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चुनकळीवर पाणी पडलं की ती कशी खदखदते हे दर दिवाळीला प्रत्येकानं आपल्या ओट्यावर पाहिलेलं. म्हणून पाणी बाजूला सारलं, कोणाच्या तरी घरून तूप आलं, मग तुळशीचा रस आला, मग वरून फडकं बांधलं. चुना आत, तूप वर. साळूकाकू मळ्यातून पळत आली तेव्हा पोर कण्हत होती. आईनं फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मेहकर. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि एकच विचारलं, "लगेच पाण्यानं धुतला होता का?" साळूकाकूनं तूप घातल्याचं सांगितलं. मग त्यांनी समजावून सांगितलं: दोन थेंब पाण्याचं भय धरता, आणि ओला चुना बुबुळ जाळत बसतो त्याचं भय नाही? आत चिकटलेला चुना चटकन पुसून काढायचा आणि पाणी ओतत राहायचं. भरपूर, थांबायचं नाही, दवाखान्याची वाट धरेपर्यंत. साळूकाकूनं ते ऐकून घेतलं. रडली नाही. परतीच्या गाडीत तिनं नवऱ्याला म्हटलं, "आता हे मी कोनाले विसरू देत नाई."

साळूकाकू आमची शेजारीण. उंच, काळी, चालताना लुगड्याचा ओचा वर खोचलेला. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन मेहकरच्या बाजारात बसायची, आणि जागेवरून रोज कोणाशी तरी भांडायची. तिचा आवाज बंद दारातून यायचा. नवरा, किसनकाका, इतका मुका की लोक म्हणत, त्या घरातलं सगळं बोलणं एकटीच्याच वाट्याला आलं आहे. गोदीच्या डोळ्यानंतर तिला एक सवय लागली. कुठेही गेली, लग्नघर असो की खळं, आधी विचारायची, "पानी कुठी हाये?" लोक तांब्या पुढे करायचे. "प्यायले नाई बापा. पोरं खेळून राह्यले, त्यायच्यासाठी."

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी हेडमास्तर आणि सरपंच तिच्या ओसरीवर आले. हेडमास्तर मान खाली घालून म्हणाले, "देवाची मर्जी, बाई."

"देवानं काय चुना कालवला होता का मास्तर?"

सरपंच म्हणाले, "उद्या साहेब येऊन राह्यले. गावाची लाज हाये."

"गावाले लाज हाये? मंग पाह्यतोच."

दुसऱ्या दिवशी साहेब वर्गावर्गांतून फिरले, भिंतींचं कौतुक केलं. बाहेर पडले तर फाटकात साळूकाकू गोदीचा हात धरून उभी. "भिंती पाह्यल्या ना साहेब? बेस. आता हे पाहा," असं म्हणून तिनं पोरीच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं बुबुळ. साहेबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "रीतसर अर्ज करा."

मी तेव्हा बुलढाण्याला कॉलेजात होतो. सुट्टीला आलो, हकिगत ऐकली, आणि रक्त तापलं. पत्रकं काढायची आम्हाला सवय होती. रातोरात मजकूर लिहिला, 'गोदीच्या डोळ्याचा जाब द्या!' त्यात सत्तेची मस्ती होती, बालकांच्या श्रमाची लूट होती, शेवटी जनतेला हाक होती. सकाळी काकूच्या ओसरीवर बसून वाचून दाखवला. ती वांगी निवडत होती. वाचून झालं तरी निवडतच राहिली.

"चांगलं हाये का काकू?"

"समदं खरं हाये बाबू. पन याच्यात पानी कुठी हाये?"

"शेवटी टाकतो."

"शेवटी काऊन? शेवटपावतर वाचते कोन? तुह्याच्यानं तरी वाचल्या जाते का दुसऱ्याचं? वर लिही. आधी पानी, मंग तुही शिवीगाळ."

वर लिहिलं. चुना डोळ्यात गेला तर चोळू देऊ नका, तूप-तेल-दूध-पाला घालू नका, पापणी उघडी धरा, चुना काढा, पाणी ओता, ओतत राहा, मग दवाखाना गाठा. त्याखाली जाब. ते पत्रक तिनं बाजारात भाजीबरोबर वाटलं. कोथिंबिरीची जुडी त्यातच गुंडाळून द्यायची. "कागद फेकजो नोको माय, घरी कोनाकडून तरी वाचून घेजो."

गोदीला तिनं शाळेतून काढलं नाही. नातेवाईक म्हणाले, आता कशाला शिकवते, एका डोळ्याची पोर, कोण करणार तिला. काकू म्हणाली, "तिले दुनिया एका डोळ्यानं पुरी दिसते. तुमाले दोनानं निम्मी दिसते." पुढल्या वर्षी पुन्हा रंगकाम निघालं, पुन्हा मुलांच्या हातात कुंचे आले, तेव्हा ही डोक्यावर भरला हंडा घेऊन शाळेत शिरली आणि ड्रमाशेजारी मांडी घालून बसली.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, शाळेत तुमचं काय काम?"

"माह्या पोरीचा एक डोळा इथीसा राह्यला मास्तर. त्याच्यासाठी येतो."

लोक हसले. बाई पागल झाली, असं म्हणाले. मीही ऐकलं आहे.

मग सरपंचांच्या नातवाचं झालं. विलास, तीन-चार वर्षांचा. आजोबांची तंबाखूच्या चुन्याची डबी हाती लागली, त्यानं झाकण उघडलं, बोट आत घातलं आणि तेच बोट डोळ्यात. पोराच्या किंचाळीनं गल्ली गोळा झाली. मी सुट्टीत आलो होतो, शेजारीच होतो. काकू टोपलं घेऊन तिथून चालली होती. आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा सरपंचीणबाईंच्या हातात तुपाची वाटी होती.

काकूनं ती वाटी हातातून उडवली. टोपलं तिथंच टाकलं, पोर काखेत धरलं आणि आडाजवळ नेलं. "बाबू, पानी शेंद!" मी बादल्या ओढू लागलो. ती खाली बसली, पोराचं डोकं मांडीवर, वाईट डोळा खालच्या बाजूला, म्हणजे धुवण चांगल्या डोळ्यात जाणार नाही. पदराच्या ओल्या टोकानं पापणीच्या आतला चुना टिपला आणि तांब्यामागून तांब्या.

"चुन्यावर पानी टाकून राह्यली! आंधळं करते व माह्या लेकराले!" सरपंचीणबाई तिच्या पाठीत बुक्क्या मारत होत्या. कोणी तिचा अंबाडा धरून ओढत होतं. काकूनं एकदाही मागं पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "मारा. पन माहे हात सोडून मारा." आणि पोराला, "रड रे राजा, रड. रडते तो डोळा जिता असते."

सरपंच शेतातून आले, त्यांनी कशी तरी जीप मिळवली. काकू जीपमध्येही तांब्या-बादली घेऊन बसली, मेहकरपर्यंत ओतत. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळा राहील. राहिला. विलास आज दोन्ही डोळ्यांनी आमच्या आंब्यांना दगड मारतो.

दुसऱ्या आठवड्यात सरपंचांच्या घरून नारळ आणि लुगडं आलं. हिरवं, जरीकाठाचं. सरपंच स्वतः आले होते, डोळे ओले होते, हे मी नाकारत नाही. काकूनं नारळ ठेवून घेतला.

"लुगडं नोको पाटील. शाळेत ड्रमाजवळ पान्याची टाकी बांधा. अन् पोरांच्या हातातला कुंचा काढा."

"पाहू ना, साळूबाई. मीटिंगमंदी ठेवतो."

"ठेवा. तवरीक हे बी ठेवतो." ती उठली, लुगडं घेतलं आणि भर दिवसा जाऊन शाळेच्या फाटकाला बांधून आली. टाकी होईल तेव्हा काढीन, म्हणाली.

लुगडं फाटकावर राहिलं. बाजाराला येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे कोणाचं? गावातलं शेंबडं पोरही सांगायचं, सरपंचाचं. उन्हानं हिरव्याचं पिवळं झालं, वाऱ्यानं काठ फाटला, शेळ्यांनी एक टोक खाल्लं. सरपंचांनी गड्याला पाठवलं की गोदी वर्गातून धावत बाहेर यायची आणि फाटकात उभी राहायची. मीटिंगा झाल्या. पावसाळा लागायच्या आत टाकी बांधली गेली, तोटीसकट, आणि त्या वर्षी शाळा दोन गड्यांनी रंगवली. टाकी भरली त्या संध्याकाळी काकूनं लुगड्याच्या चिंध्या सोडल्या आणि टाकी पुसायला तिथंच ठेवल्या.

गेल्या थंडीत ती गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तर म्हणाली, "धाडच्या शाळेत चुन्याजवळ पानी हाये का, पाह्यलं का रे कोनी? सुलतानपुरात?" मी म्हटलं, पाहतो. "पाहू ना, असं पाटील बी म्हने," असं म्हणून तिनं कूस बदलली. ते शब्द मला अजून टोचतात, आणि टोचावेत म्हणूनच ती बोलली होती. तिच्या दहाव्याला गोदी, आता सातवीतली, स्वयंपाकघरात न बसता अंगणात खेळणाऱ्या पोरांजवळ भरली बादली ठेवून उभी होती.

मी त्यानंतर गावं हिंडलो. अजून शाळांमागे ड्रम आहेत, काठीनं ढवळणारी पोरं आहेत, आणि "पाणी नको" म्हणणारे शहाणे आहेत. म्हणून तुम्हाला सांगतो, हे वाचणाऱ्या तुम्हाला. साळूकाकूचं कौतुक करू नका, तिला ते कधी चाललं नाही. उद्या सकाळी उठा आणि तुमच्या गावच्या शाळेत जा. पोराच्या हातात कुंचा दिसला तर काढून घ्या. चुन्याजवळ पाणी नसेल तर भरून ठेवा. आणि कोणी विचारलं की तुमचं इथं काय काम, तर गोदीचं नाव सांगा आणि तिथून हलू नका.