सुटाच्या खिशात मावेल असं

धाकट्या भावाच्या लग्नासाठी आबा पहिल्यांदाच कॉव्हेंट्रीला आले, आणि आल्यावर दोन-चार दिवसांत, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा घेताना मला म्हणाले, "हितं बारकं पिस्तूल कुठं मिळंल गं?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण आबांना चेष्टा करण्याची सवय नव्हती, करून घेण्याची तर मुळीच नाही.

"सुटाच्या खिशात मावंल असं," ते म्हणाले. "फुगवटा दिसाय नको."

आमचं गाव सांगलीकडचं. तिकडे ऊस, जीप आणि कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर असलं म्हणजे माणूस मोठा. आबांकडे तिन्ही होती. बत्तीस बोअरचं ते रिव्हॉल्व्हर त्यांनी मी कॉलेजात असताना घेतलं. माझ्या माहितीत त्यातून गोळी कधी सुटली नाही. खंडेनवमीला त्याला झेंडूची फुलं वाहायची आणि एरवी जाकिटाच्या खिशात बाळगायचं, एवढाच त्याचा उपयोग. पुढे आबा साखर कारखान्याची निवडणूक हरले, जीप विकली, आई गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्यांचा उजवा हात खिशात तो खिशातच. मुंबईला विमानात बसण्याआधी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून आले होते, तरी हात काही खिशातून निघेना.

मला त्या हाताची लाज वाटायची, हे सरळच सांगते. शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून हात पुढे केला, तर आबांनी नुसती मान हलवली. तो बिचारा हात तसाच धरून हसत राहिला आणि मग तोच हात झुडपाची पानं काढायला वापरल्यासारखं करून आत गेला. मी रात्री नवऱ्यापाशी चिडचिड केली. म्हटलं, अख्खा जन्म रुबाबात गेला, आता इथे कोण यांना मुजरा करणार आहे?

पिस्तुलाची टूम निघाली ती भावाच्या एका फोननंतर. मुलगी इंग्लिश, लग्न रजिस्टर ऑफिसात आणि शनिवारी संध्याकाळी हॉटेलात रिसेप्शन. भावाने फोन स्पीकरवर ठेवायला लावला होता.

"आबा, तिथे ना, रिसीव्हिंग लाइन असते. म्हणजे तुम्ही, तिचे मॉम-डॅड, आम्ही दोघं, सगळे दारात लाइनीत उभे राहणार. गेस्ट आले की एकेकाशी शेकहँड करायचा. बस, इट्स व्हेरी सिंपल."

"सगळ्यांशी?" आबांनी विचारलं.

"ऑफकोर्स सगळ्यांशी. तुम्ही ग्रूमचे फादर आहात!"

त्यानंतर आबा बराच वेळ टीव्हीपुढे बसून होते आणि टीव्ही बंद होता. दुसऱ्या दिवशी पिस्तूल.

मी परोपरीने समजावलं. म्हटलं, आबा, या देशात पिस्तूल बाळगायला बंदी आहे. थोड्या वर्षांपूर्वीच सरकारने सगळ्यांची गोळा केली. इथल्या साध्या पोलिसाकडेसुद्धा नसतं.

"खुळी का काय? आपल्याकडं लायसनचा कायदा आणला कुणी? ह्या इंग्रजांनीच की. आन् आता सोताच्या हातानं सोताचीच हत्यारं काढून घेतली म्हणतीस?"

दिवसातून दोनदा तो विषय निघू लागला. लहान मिळत असेल तर जास्त पैसे गेले तरी चालतील, गोळ्या नसल्या तरी चालतील, चालू नसलं तरी चालेल. गोळ्या नकोत आणि चालायलाही नको, तर मग हवंय कशाला, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. मला एवढंच दिसत होतं की शनिवारी माझे वडील इंग्लिश व्याह्यांच्या दारात खिशात हात घालून पाटलासारखे उभे राहणार आणि सगळं सासर भावाकडे बघणार. नाकी नऊ आणले होते त्यांनी.

शेवटी मी एक युक्ती काढली. घरच्या माणसाने सांगितलं तर ते खोटं, तेच गोऱ्याने सांगितलं की खरं, हा आमच्याकडचा जुना नियम. वॉरिकच्या रस्त्याला शेतकऱ्यांचं एक दुकान होतं. शिकारीच्या बंदुका, मासेमारीचे गळ, गुडघ्यापर्यंतचे हिरवे बूट, सगळं एकाच छताखाली. तिथे आबांना न्यावं, दुकानदाराकडून स्वच्छ नकार ऐकवावा, आणि सुंठीवाचून खोकला जावा.

"तू हाईस म्हणून बरं," गाडीत आबा म्हणाले. "तुला सगळं बोलता येतंय."

मला बोलता येत होतं, हे खरंच होतं. तो माझा व्यवसायच होता. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, यादीवर मी दुभाषी होते. डॉक्टरकडे, शाळेत, घराच्या अर्जासाठी येणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं मी इंग्रजी करून द्यायचे. त्या कामाचा पहिला धडा असा, की समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं. पदरचं घालायचं नाही, लाज वाटली म्हणून गाळायचं नाही. परक्या बायकांची नको नको ती दुखणी मी तोंडावरची सुरकुती न हलवता डॉक्टरांना सांगितली होती, आणि त्याचा मला अभिमान होता.

दुकानात तेलाचा आणि ओल्या कुत्र्याचा वास येत होता. भिंतीला साखळी लावून दुनळी बंदुका उभ्या केल्या होत्या. त्या बघून आबांचे डोळे चमकले, पण त्यांनी एकीलाही हात लावला नाही. दुकानदार साठीचा, चौकड्याचा शर्ट, त्यावर टाय. गळ निवडत असलेलं आणखी एक गिऱ्हाईक होतं, जाडसर, बुटांना चिखल लागलेलं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना लहान पिस्तूल हवं आहे. सुटाच्या खिशात ठेवायला, कुणाला दिसणार नाही असं."

आपण काय बोललो हे मला बोलल्यावर कळलं. गिऱ्हाइकाचे हात थांबले. आमच्यासारख्या रंगाच्या माणसाने लपवता येण्याजोगं पिस्तूल मागावं, असे ते दिवस नव्हते. लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट होऊन फार काळ लोटला नव्हता, पाठीवर पिशवी असली तरी लोक वळून बघायचे. माझे कान तापले.

दुकानदार मात्र शांतच राहिला. "तसली आम्ही विकत नाही, मॅडम. या देशात कोणीच विकत नाही," तो म्हणाला. मग आबांकडे बघून, अगदी सभ्यपणे, "पण यांना ते कशासाठी हवं होतं, विचारू का?"

मी मराठीत सांगितलं, "नाही म्हणतोय, आबा. सांगितलं होतं ना मी? आणि विचारतोय, कशाला हवं होतं म्हणून."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते दुकानदाराकडे बघत बोलले, जणू मी तिथे नव्हतेच.

"त्याला सांग, माझा हात कापतो. वरीस झालं. रिकामा ठेवला की कापतो, मुठीत कायतरी जड धरलं की जरा ऱ्हातो. खिशात रिव्हॉल्व्हर असलं की लोक म्हणत्यात, हात हत्यारावर हाय. आजार हाय, असं कुणी म्हणत न्हाई. आता शनिवारी लाइनीत समदी हात धरणार. मधनंमधनं खिशात जड कायतरी धरलं, तर तेवढ्यापुरता कापायचा न्हाई. म्हनून पायजे म्हनावं."

इतकी सलग वाक्यं आबा माझ्याशी कधी बोलले नव्हते. पोरीला सांगता आलं नव्हतं ते त्यांनी परक्या माणसाला सांगितलं, आणि तेही पोरीच्या तोंडून.

दुकानदार माझ्याकडे बघत होता. गळवालाही बघत होता. मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. डोळ्यांपुढे आबांचं रोजचं बसणं आलं, उजवा हात मांडीखाली दाबलेला, जेवण झटपट आटोपून पुन्हा खिशात. मी त्याला रुबाब म्हणत होते. खरं सांगायचं तर त्या चिखलाच्या बुटांच्या माणसासमोर माझा बाप दुबळा आहे हे मला म्हणायचं नव्हतं. मी हसरा चेहरा केला.

"ते म्हणताहेत," मी इंग्रजीत म्हटलं, "आमच्या गावी सगळे बाळगतात. पिस्तूल खिशात नसलं की त्यांना कपडेच न घातल्यासारखं वाटतं."

दुकानदार मोकळेपणाने हसला. गळवालाही हसला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

आबा त्या दोघांचे चेहरे बघत होते. मग वळले आणि दार ढकलून बाहेर गेले.

मी गाडीत येऊन बसेपर्यंत त्यांनी पट्टा लावला होता. उजवा हात खिशात.

"हसला," ते म्हणाले.

"आबा, तसं नाही..."

"आगं, हसू दे की. हसण्यासारखंच हाय. बरं झालं आणलंस. दोघं असताना हसली, शनिवारी तर सगळा गाव आसंल त्यांचा. मी काय येत न्हाई त्या हाटेलात. ताप आला म्हणून सांगा."

"आबा, तुमच्या मुलाचं लग्न आहे."

"म्हणूनच," आबा म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच आपलं दुखणं बोलून दाखवलं होतं, आणि त्यावर माणसं हसतात अशी त्यांची खात्री मी करून दिली होती. आणि आता त्यांच्या मुलाच्या दारात त्यांची जागा रिकामी राहणार होती. गाडीची किल्ली मी लावली आणि पुन्हा काढली. "पर्स राहिली" म्हणून उतरले. पर्स माझ्या खांद्यालाच होती.

दुकानात गळवाला पैसे देत होता. तो जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबले असते तर परत बोलले नसते. त्याच्यादेखतच मी दुकानदाराला सांगितलं. आधी आबांचं म्हणणं, शब्दाला शब्द, जसं कौन्सिलच्या कामात सांगायचे तसं. हात कापतो, वर्ष झालं, मुठीत जड काही धरलं की राहतो. मग म्हटलं, मघाशी मी हे सांगितलं नाही, दुसरंच सांगितलं. त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांच्या हाताला हसलात. आता ते मुलाच्या लग्नाला यायचं नाही म्हणताहेत.

दुकानदाराचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. "ओह," एवढंच तो म्हणाला. गळवाला आपले सुटे पैसे न घेताच बाहेर पडला. दुकानदाराने टाय सारखा केला आणि काउंटरची फळी उचलून माझ्या पुढे निघाला.

त्याने गाडीच्या काचेवर टकटक केलं. माणूस भेटायला आल्यावर बसून राहणं आबांना माहीतच नव्हतं. पट्टा सोडून ते उतरले. दुकानदाराने हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यासारखं त्याने हसून सारवासारव केली नाही.

आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि त्याच्या हातात दिला.

पहिल्यांदा तो स्थिर होता. मग दुकानदार सोडेना तसा थरथरायला लागला, आधी अंगठा, मग मनगट. मी पहिल्यांदाच बघत होते. दुकानदार हाताकडे बघत नव्हता, आबांच्या डोळ्यांत बघत होता, आणि आपण एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला निरोप देतोय अशा आवाजात म्हणाला, "माफ करा, सर. तुमच्या मापाचं आमच्याकडे काही नाही."

मी त्याचं मराठी केलं. या वेळी पदरचं काही घातलं नाही.

आबा त्या दोन हातांकडे बघत राहिले. "येवढंच आसतंय व्हय," ते स्वतःशी म्हणाले. "मग शनिवारचं जमंल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आबांनी मान वर केली आणि दुकानदाराचा चेहरा नीट न्याहाळला. आयुष्यभर निवडणुका लढवलेला माणूस, समोरचा कुठल्या बाजूचा आहे हे त्यांना भाषेवाचून कळायचं.

"हा दुसऱ्याच्या दुखण्याला हसणाऱ्यातला न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "मघाशी तू ह्याला काय सांगितलंस?"

त्यांचा हात अजून दुकानदाराच्या हातात थरथरत होता. आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता, वडील काय विचारताहेत ते मी इंग्रजीत सांगेन म्हणून.