कुंपणातले इमू आणि बाराव्या मजल्यावरची मी

मी सिंगापूरला निघाले त्या दुपारी आमचा एक इमू कुंपणाबाहेर पडला. मुंबईची गाडी दारात उभी, बॅगा डिकीत, अंगावर विमानासाठी राखून ठेवलेली इस्त्रीची साडी आणि पायांत मुलीने पाठवलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. अशा अवतारात मी त्या माणसाएवढ्या उंच पक्ष्यामागे ज्वारीच्या रानातून पळत होते. इमूला पकडायचं तर मागून जाऊन मिठी मारावी लागते. पुढून गेलं की लाथ बसते. आमचे हे बांधावरून ओरडत होते, "मागून ये, मागून! पुढनं गेलीस तर विमानाऐवजी दवाखान्यात बसशील!" शेवटी मिठी मारली ती मीच. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या मुलीने माझ्या पदरातून एक लांब तपकिरी पीस ओढून काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुणाची कोंबडी पळवून निघाले होते.

निघताना फाटकाशी शेजारच्या मळ्यातल्या पारूबाई उभ्या होत्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई चालल्या आणि दादा बसले उबवत! पाखरांचंच वळण लागलं की ओ तुमच्या घराला." इमूंत मादी अंडी घालते आणि चालू लागते. नर जवळजवळ उपाशी राहून ती उबवतो, पिल्लंही तोच वाढवतो. गाडीचा ड्रायव्हर हसला, मी हसले. हे मात्र फाटकाची कडी नीट बसली का ते बघत होते.

फलटणच्या माझ्या भिशीतल्या बायका अजून दर फोनला विचारतात, "तिथं करमतं का गं तुला?" इथे सिंगापुरात, आमच्या बुकित पंजांग वस्तीतल्या बागेत भेटणाऱ्या आज्या विचारतात, "काका का नाही येत?" दोन्हीकडे मी इतकी वर्षं गोलमोल उत्तरं देत आले. आज एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे फोनचा वेळ रेसिपींना राहील.

इमू आणले ते मी. ह्यांचा त्यात काडीचा दोष नाही. दोन हजार दहाच्या आसपास आमच्या भागात इमूची साथच आली होती. मी भूगोलाची बाई म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. ऑस्ट्रेलिया खंड इतकी वर्षं शिकवला होता की इमू म्हणजे मला आपल्या माहेरचेच वाटायचे. एका मंगल कार्यालयात कंपनीवाल्यांचा मेळावा होता. टाय लावलेल्या एका पोऱ्याने इमूचं गर्द हिरवं अंडं हळदीकुंकवाच्या ताटासारखं प्रेक्षकांतून फिरवलं. पिल्लं आम्ही देतो, मोठे झालेले पक्षी आम्हीच घेऊन जातो, असं त्याचं म्हणणं. ते अंडं मांडीवर घेतल्याक्षणी माझ्यातली भूगोलाची बाई विरघळली. हे शेजारून हळूच म्हणाले, "आधी दोन कोंबड्या पाळून बघूया का?"

"तुम्हाला व्हिजनच नाही," मी म्हणाले. हा शब्द मी त्याच सकाळी, त्याच मेळाव्यात शिकले होते. वय अठ्ठावन्न, आणि अक्कल आठवीच्या सहामाहीतली.

मग शेताला उंच जाळीचं कुंपण आलं. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं आली. बघता बघता त्यांचे उंट झाले. मी त्यांना शाळेतल्यासारखी नावं ठेवली. सगळ्यांत दांडगी मादी होती तिचं नाव हेडबाई, कारण ती घशातून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढायची आणि बाकीचे गप्प व्हायचे. चमकतं दिसलं की गिळायचं, ही इमूंची खोड. हेडबाईने पहिल्याच महिन्यात माझ्या कानातली कुडी गिळली. चार दिवस मी काडी घेऊन तिच्या मागे फिरत होते. कुडी परत मिळाली, आणि धुऊन मी ती घातलीही. भिशीतल्या बायकांनी तेव्हा त्या कुडीचं कौतुक केलं होतं, हे त्यांना आज कळतंय.

पुढे कंपनीचा फोन लागेनासा झाला. ऑफिसला कुलूप. पक्षी न्यायला कुणी आलं नाही. आसपासच्या कितीतरी जणांनी रात्रीतून कुंपणं उघडून दिली आणि हमरस्त्यावर इमू ट्रकांपुढे पळताना दिसायला लागले. मी ह्यांना म्हटलं, आपणही काहीतरी करायला हवं. ह्यांनी फाटकाला दुसरी कडी लावली. "आणलेत ना? मग आहेत," एवढंच म्हणाले. ज्याला इमू नको होते त्याच्याकडे ते राहिले, आणि जिला हवे होते ती मुलीच्या बाळंतपणाला म्हणून सिंगापूरला गेली. मुग्धाने, आमच्या मुलीने, दोघांनाही बोलावलं होतं. हे म्हणाले, "एकाने तरी थांबायला हवं. तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

आता इथलं सांगते. मी येताना ठरवूनच आले होते की आपल्याला फार करमणार नाही. चांगल्या घरच्या बाईला परदेशात करमलं तर लोक काय म्हणतील? पहिला आठवडा मी नेमाने दुपारी दोन ते तीन रडले. मग ईराचा जन्म झाला आणि ती वेळ तिच्या आंघोळीला गेली. मग मला एलआरटीचा शोध लागला. ही बिनड्रायव्हरची चिमुकली गाडी इमारतींच्या मधून, लोकांच्या खिडक्यांना खेटून जाते. नेमकी कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावायची वेळ आली की तिच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात. असा आगाऊपणा मी कुठल्या यंत्रात पाहिला नव्हता. तरी मी रोज बसायचे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहावाल्याला मी "तेह, कमी गोड" सांगायला शिकले, लिटिल इंडियातून कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ एकटी आणायला लागले. वरण फोडणीला टाकलं की बाराव्या मजल्यावरून खालच्या झाडांचे शेंडे बघत बसायचं. गावात शेतघरी असताना मला कधी झाडाचा शेंडा दिसला नव्हता.

तीन महिन्यांचे सहा झाले. मग इथे राहायचा लांब मुदतीचा पास झाला, मग तो वाढवला. ईरा बोलायला लागली. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा तेव्हा ह्यांच्या खांद्यामागून एखादा इमू हमखास स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. ईराला बरेच दिवस वाटत होतं की आजोबा म्हणजे तोच. पुढे समजायला लागल्यावर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आजोबा स्टेइंग विथ बर्ड्स, इज इट? सो पुअर थिंग ला." दर रविवारी मी विचारायचे, "कधी येताय?" दर रविवारी हे म्हणायचे, "ह्या पाखरांचं काहीतरी मार्गी लागू दे." मुग्धा माझ्याकडे बघायची. आपल्या आईबाबांचा संसार आपल्या मुलीपायी मोडला की काय, ही भीती तिच्या डोळ्यांत मला दिसायची. मी विषय बदलायचे.

मग मीच कंबर कसली. बाराव्या मजल्यावर बसून मी फोनवरून इमूंना स्थळं बघायला लागले. एकाला हॉटेलसाठी हवे होते. ह्यांनी मेन्यू विचारला आणि फोन ठेवला. एकाला लग्नाच्या वरातीत पुढे चालवायला हवे होते. शेवटी भोरच्या बाजूला एक तरुण जोडपं भेटलं, शहरातल्या मुलांना शेत दाखवण्याचं केंद्र चालवणारं. हे स्वतः जाऊन त्यांचं कुंपण हलवून बघून आले, पाण्याची टाकी बघून आले, त्या जोडप्यातल्या मुलीच्या हातचा चहाही पिऊन आले. सगळे इमू गेले. राहिली ती हेडबाई. तिचा एक पाय अधू झाला होता. लंगडी फोटोत बरी दिसत नाही, असं त्या जोडप्याचं मत.

इकडे मी ह्यांचं तिकीट काढायला मुग्धाला सांगून बसले होते. हे म्हणाले, "एवढ्यात नको. हिला कोण बघणार?"

"म्हणजे मी की ती?" हे वाक्य मी, एका नातीची आजी, एका पक्ष्याबद्दल बोलले. भांडी घासत असलेला जावई नळ बंद करून आत निघून गेला.

"तुला तिथं मुग्धा आहे, ईरा आहे, ती तुझी आगगाडी आहे," हे शांतपणे म्हणाले. "हिला कोण आहे?"

मी दुसऱ्याच आठवड्यात विमानात बसले. ह्यांना घेऊनच येते, असं मुग्धाला सांगून.

घरी पोचल्यावर पहिली लढाई पारूबाईंशी होईल असं मला वाटलं होतं. मी हेडबाईला त्यांच्याकडे ठेवण्याबद्दल बरीच भाषणं तयार केली होती. त्यांनी पहिलंच वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "अहो, मग द्या की! म्हशीशेजारी राहील. दादांनी कधी विचारलंच न्हाई मला. मी तर दोनदा म्हणाले त्यांना."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घेवड्याच्या वेलाकडे बघायला लागले. कुंपणाची निम्मी जाळी काढून ह्यांनी तिच्यावर घेवडा चढवला होता. चांगला लगडला होता.

त्या आठवड्यात मी बरंच काही बघितलं. माझ्याच स्वयंपाकघरात मला मिठाचा डबा विचारावा लागला. सगळे डबे ह्यांच्या हाताच्या उंचीवर गेले होते. सकाळी हे रानात हिंडायचे आणि हेडबाई लंगडत मागे. अकराला गावातले दोघंतिघं चहाला यायचे आणि तो चहा हेच करायचे, मुग्धाने पाठवलेल्या पुड्यांचा. माझ्या हातात कुणी गाळणी दिली नाही. आणि मी? मी जेवता जेवता म्हणायचे, आता ईरा शाळेतून आली असेल. आता झोपली असेल.

पाचव्या की सहाव्या दिवशी ह्यांनी घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता विचारलं, "तू मला न्यायला आलीयस, की तुला परत जायला माझी परवानगी हवीय?"

मला रागच आला. खरं बोललं की येतो तसा. म्हटलं, "तुम्ही आधी सांगा. हेडबाई नसती तर आला असता?"

"नाही."

"आधी? सगळे इमू असताना?"

"तेव्हाही नाही. मला इथंच बरं वाटतं गं. पण तसं म्हटलं असतं तर मुग्धाला लागलं असतं. आणि तुलाही."

मग मी हसायला लागले. शेंगांची परात सांडली. इतकी वर्षं मी तिकडे लोकांना सांगत होते, काय करणार, इमू आहेत ना. आणि हे इकडे लोकांना सांगत होते, काय करणार, इमू आहेत ना. ज्या पाखरांवरून मी स्वतःला मूर्ख ठरवलं होतं त्यांनी आम्हा दोघांची लाज राखली होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र वेगळं होतं, आणि ते ह्यांनाही दिसलं. आम्ही एकमेकांशिवाय राहू शकतो, हे कळायला चाळीस वर्षांचा संसार झालेल्या माणसांना अवघडच जातं. ह्यांनी शेंगा गोळा केल्या. दिवाळीला मी गावी यायचं आणि आंब्याच्या दिवसांत ह्यांनी एक महिना सिंगापूरला यायचं, असं परातीवर ठरलं. मुग्धाला मी फोन करून सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, तुम्ही दोघं अशक्य आहात." आवाज हलका झाला होता तिचा.

परत येताना एकटीच आले. बुकित पंजांगला पोचून चपला काढते तोच फोन वाजला.

"घरी पोचलीस का?" ह्यांनी विचारलं.

इतकी वर्षं हे विचारायचे, "मुग्धाकडे सगळं ठीक ना?" मी दारात उभी राहिले. आतून ईरा ओरडत होती, आजी आली, आजी आली.

"हो," मी म्हणाले. "पोचले घरी."

"बरं. ठेवतो मग. घेवड्याला पाणी लावायचंय."