खालांची जुनी टेबलं

लातुरात जूनमध्ये क्लास सुरू झाले की दुकानादुकानांत टेबल-गाद्यांचे सेल लागतात. तेव्हा आमच्या शेजारच्या खाला दारातच खुर्ची टाकून बसतात. शिकून गेलेल्या पोरींनी मागे टाकलेली टेबलं पुसून, गाद्यांना ऊन दाखवून त्या नव्या पोरींना फुकट देतात. चांगली धडकी वस्तू कचऱ्यात गेली तर त्यांना जेवण जात नाही.

परवा उमरीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन सेलला निघाले होते. खालांनी अडवलं, "नवं कशाला घेऊन राहिले भाऊ? या टेबलावर अभ्यास करून चार पोरी डॉक्टर झाल्या!"

मुलगी जुनं घ्यायला तयार नव्हती. "आणि नापास किती झाल्या?"

"लई झाल्या. पण त्या गादीवर झोपून राहायच्या!"

मुलगी खळखळून हसली आणि तिने टेबल उचललं. गादी मात्र सेलमधून नवीच आणली.