पाणी मागा, बाई

रूथबाईंनी छत्रीच्या टोकाने कळशी कलंडवली.

पाणी शाळेच्या सारवलेल्या जमिनीवरून मुलांच्या मांड्यांखाली गेलं. मुलं धडपडून उठली. कळशी गडगडत भिंतीला लागली. तांब्याची होती. आवाज मोठा झाला.

मी पेला हातात धरून उभी होते.

"कोण कोण प्यालं?" रूथबाईंनी मुलांना विचारलं.

चार हात वर झाले. दोन आमच्या चांभारवाड्यातल्या मुलांचे. दोन मिशनच्या कंपाउंडात राहणाऱ्यांचे, एक कंपाउंडरची मुलगी आणि एक मास्तरांचा मुलगा. रूथबाईंनी फक्त त्या दोघांना बाहेर नेलं. पाणी भरणाऱ्या बाईला हाक मारली आणि दोघांना चुळा भरायला लावल्या. एकदा नाही, तीनदा. खिडकीतून सगळं दिसत होतं. आमची दोन मुलं हात वर करूनच बसली होती. त्यांना हात खाली करा असं कोणी सांगितलंच नव्हतं.

रूथबाई परत आत आल्या. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"वस्तुपाठ दाखवायचा असतो. पाजायचा नसतो."

मग पाणी भरणाऱ्या बाईला म्हणाल्या, "ही कळशी आता कुंड्यांना पाणी घालायला ठेव."

त्या रविवारी मी मुलांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगत होते. येशू उन्हातून चालून थकला, विहिरीवर बसला. पाणी भरायला एक बाई आली. शोमरोनी. तिच्या लोकांच्या हातचं यहुदी लोक पीत नसत. यहुदी असून येशूने तिच्याकडेच पाणी मागितलं. ही गोष्ट नुसती तोंडाने कशी सांगायची? म्हणून सकाळी मी स्वतः कंपाउंडातल्या विहिरीवर गेले, कळशी भरली, एकच पेला घेतला आणि मुलांना म्हटलं, एकेकाने यायचं, पाणी मागायचं, प्यायचं.

आम्ही विहिरीला हात लावू नये असा काही नियम लिहिलेला नव्हता. पाणी भरणारी बाई वरून ओतायची, आम्ही वाड्यातली माणसं खाली ओंजळ धरायचो. एवढंच. बाप्तिस्मा सगळ्यांचा एकाच पाण्याने झाला होता. प्यायचं पाणी वेगळं होतं.

माझा बाप पालीचा. वहाणा शिवायचा. गिऱ्हाईक वहाण उंबऱ्यावरून फेकायचं, बाप झेलायचा. शिवून झाली की अंगणात ठेवून लांब उभा राहायचा. एकदा एक गोरा पाद्री रस्त्याने चालला होता, त्याच्या बुटाचा टाका उसवला. बापाने शिवून दिला. पाद्री आमच्या गोणपाटावर बसला आणि आईने दिलेली पेज पिऊन गेला. नुसती पेज प्याला, बाकी काही केलं नाही. वर्षाच्या आत आमचं घर ख्रिस्ती झालं. वाडीत राहणं कठीण झालं, तेव्हा बाप आम्हाला घेऊन रत्नागिरीला मिशनच्या आसऱ्याला आला. तो पाद्री पुढे मायदेशी गेला. आम्ही राहिलो. आई पटकीने गेली, ती मिशनच्या कबरस्तानात आहे.

मी मिशनच्या शाळेत शिकले, मराठी फायनलची परीक्षा पास झाले. नवख्रिस्ती मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायला कोणी तयार नव्हतं. मुलांच्या अंगाला कातड्याचा वास येतो म्हणे. तो वर्ग मला दिला.

विलायतेहून चित्रं यायची. बर्फ, लोकरीची मेंढरं. मुलं विचारायची, बाई, बर्फ म्हणजे काय? मला तरी कुठे ठाऊक होतं. मी चित्रं गुंडाळून ठेवली आणि हाताला येईल ते घेतलं. पेरणाऱ्याची गोष्ट होती तेव्हा मुलांना घेऊन कातळावर गेले. मूठमूठ भात दिलं. कोणी वाटेवर टाकलं, कोणी कातळावर, कोणी करवंदीच्या जाळीत, कोणी खालच्या खाचरात. दर रविवारी जाऊन बघायचो. कातळावरचं कोवळं रोप वाळलेलं पाहून एक मुलगी रडली. मिठाची गोष्ट होती तेव्हा अळणी पेज केली आणि मिठाची केली, दोन्ही खायला दिल्या. बाप्तिस्मा देणारा योहान येशूबद्दल म्हणाला होता की त्याच्या वहाणेचा बंद सोडायचीही माझी योग्यता नाही. त्या दिवशी मी बापाकडची नवी वहाण नेली आणि प्रत्येकाला बंद सोडायला, बांधायला लावलं. मास्तरांचा मुलगा पहिल्यांदाच चांभाराच्या हातच्या कामाला नवलाने हात लावून बघत होता.

कंपाउंडातली मुलं आपणहून माझ्या वर्गात यायला लागली. तिथेच रूथबाईंना दुखलं. हे मला फार उशिरा कळलं.

रूथबाई रविवारच्या सगळ्या शाळांच्या मुख्य होत्या. त्यांचे आजोबा मोठ्या घरचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं होतं. हे रूथबाई दर सभेला सांगायच्या. सांगताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते खोटं नव्हतं. आजोबांनी जानवं टाकलं, शेंडी टाकली. पाण्याची भांडी तेवढी टाकायची राहिली.

त्या वर्षांत रत्नागिरीत सहभोजनं चालली होती. हिंदू लोक एका पंगतीला बसायचे, त्याची चर्चा बाजारात व्हायची. आमच्या कंपाउंडात मुलांना चुळा भरायला लावत होते.

मी मडमकडे गेले. मिशनची मोठी मडम. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर आहे," ती तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली. "परंतु रूथबाईंच्या घराण्याने ख्रिस्तासाठी फार सोडले आहे. तू थोडा धीर धर."

आम्ही काय सोडलं नाही? पाली सोडली. भाऊबंद सोडले. आजीच्या मातीला बापाला जाऊ दिलं नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं.

मी मान हलवली. "होय मडम," म्हटलं.

त्या मान हलवण्याची मला कळशीपेक्षा जास्त लाज वाटते. अजून वाटते.

माझा वर्ग रूथबाईंनी घेतला. मला सामान जमवायचं काम दिलं. वाती मी वळायच्या, मोहरी मी निवडायची, रोपं मी वाढवायची, आणि सगळं तबकात मांडून दाराशी ठेवायचं. दाखवायच्या त्या. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. "लांबून बघा. हात लावू नका." मीठ बरणीत बंद. बरणीतलं मीठ बघून मुलांना काय कळणार? मोहरीही तशीच बरणीत. मुलं जांभया द्यायची. मला आत जाऊन ती बरणी फोडावीशी वाटायची. मी बरणी पुसून कपाटात ठेवायचे. पुढच्या रविवारी परत काढायचे. असे पाच महिने.

एकदा कंपाउंडरची मुलगी पडवीत येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला का टाकलंत?"

मी तिच्या हातावर निवडलेली मोहरी ठेवली.

मग मिशनचे वरचे लोक पाहणीला येणार असं ठरलं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कार्यक्रम. मुलांपुढे वस्तुपाठ करून दाखवायचा, पाहुण्यांनी बघायचा. रूथबाईंनी गोष्ट निवडली शोमरोनी बाईची. मला बोलावून घेतलं.

"तू शोमरोनी बाई हो," त्या म्हणाल्या. "तुला वेगळं सोंग घ्यायला नको. तू आहेसच."

त्यांनी माझ्या लुगड्याकडे पाहिलं.

"लुगडं हेच चालेल. बोलायचं काही नाही. मी वाचीन, तू कळशी घेऊन यायचं, उभं राहायचं, आणि जायचं. कळशी रिकामी आण."

घरी बापाला सांगितलं. तो खूश झाला. "सायबांच्या म्होरं उभी ऱ्हानार तू, बाय," तो म्हणाला. "तुजी आय असती तर बघली असती."

त्याला मी पुढचं काही सांगितलं नाही.

त्या दिवशी देऊळ भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मडम, उपासना चालवणारे आमचे पाळक. मग कंपाउंडातली कुटुंबं. मागे जमिनीवर आमचा वाडा. बाप धुतलेलं धोतर नेसून भिंतीला टेकून बसला होता.

मी विहिरीवर गेले. पाणी भरणारी बाई म्हणाली, "अगो, रिकामी न्यायचीय ना?" मी दोर सोडला. कळशी काठोकाठ भरली. कमरेवर घेतली, पेला घेतला, मधल्या वाटेने चालत गेले. पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं. रूथबाईंनी ते पाहिलं. पाहुणे पुढे बसले होते. त्यांना काही बोलता येईना.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. येशू वाट चालून दमला होता. दुपारची वेळ होती. बाई आली. मग त्या थांबल्या. डोळे वर करून मला जायची खूण केली.

मी पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पुढे पाणी मागायचं आहे," मी म्हटलं. "पाणी मागा, बाई."



"झालं तुझं. जा आता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"त्याने मागितलं होतं. तुम्ही त्याच्या जागी वाचताय. मागा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी पेला घेऊन पाळकांपुढे गेले. त्यांनी पुस्तकात नजर घातली. मडमपुढे गेले. ती अर्धी उठली. खरंच उठली, हात पुढे आला. मग तिने रूथबाईंकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि ती परत बसली. एवढी मोठी बाई, सात समुद्र ओलांडून आलेली. तिला एक पेला ओलांडता आला नाही.

मी पाणी स्वतः प्याले. सगळं. उभ्याने, त्यांच्यापुढे. पेला पाहुण्यांच्या टेबलावर ठेवला आणि मधल्या वाटेनेच बाहेर आले. बापाने मान खाली घातली होती.

तिसऱ्या दिवशी पाळक घरी आले. आत आले नाहीत, अंगणातच उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता.

"माफीचं पत्र लिही," ते म्हणाले. "देवाच्या घरात तमाशा झाला. पत्र दिलंस तर वर्गाचं बघता येईल."

"आणि नाही दिलं तर?"

ते माझ्याशी नाही, बापाशी बोलले. "ख्रिस्ती मंडळीतून नाव काढलं तर कबरस्तानाचा हक्क राहत नाही. तुम्ही वयस्कर आहात. विचार करा."

ते गेले. बाप ओटीवर बसून राहिला. आरी हातात, काम पुढ्यात, हात चालेना.

"लिव गो बाय," तो म्हणाला. "चार वळी लिव नि मोकली हो."

"काय लिहू? पाणी भरलं, चुकले, असं?"

"काय पन लिव. तुजी आय थंय हाय. मला तिच्या बाजूला ऱ्हायचां हाय."

 मी कागद घेतला, दौत घेतली. बापाचं नाव मनात आणून दोन ओळी लिहिल्या. वाचल्या. वर्गातली ती दोन मुलं आठवली, हात वर करून बसलेली. कागद फाडला. बापाने तो फाडताना पाहिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. रविवारी एकटा देवळात जातो, मागे बसतो, एकटा परत येतो. त्याचं नाव अजून काढलेलं नाही. माझं काढलं.

माझा बाप माझ्यामुळे रोज भितो. हे मी केलं आहे. हे मी कोणावर ढकलत नाही. पण त्याला ज्या गोष्टीची भीती घातली ती घालणारे दुसरे होते, आणि तेही मी विसरणार नाही.

पुढच्या रविवारी मी आमच्याच अंगणात वर्ग भरवला. वाड्यातली नऊ मुलं आली. कंपाउंडातलं कोणी आलं नाही. त्यांना सक्त ताकीद होती. मी पणती पेटवून धान्य मापायच्या पायलीखाली झाकली, मुलांना सांगितलं, एकेकाने उघडून बघा काय होतं. बोटं भाजली, काजळी लागली, भांडणं झाली. शिकवणं असंच असतं.

मडमने निरोप पाठवला, अजून वेळ गेलेली नाही, देवासमोर नम्र हो. मी उलट निरोप धाडला. देवासमोर मी रोज गुडघे टेकते, तुमच्यासमोर आता टेकणार नाही. रूथबाईंना वाटतं मी ख्रिस्त सोडला. मी त्याला सोडलेलं नाही. त्याच्या नावाने मांडलेली पंगत सोडली. ज्याला मला मंडळीत परत घ्यायचं असेल त्याने आधी त्या दोन मुलांपुढे येऊन उभं राहावं आणि चूक झाली म्हणावं. माझी माफी नको. त्यांची मागा.

माझ्या मातीचं काय करायचं ते मी मेल्यावर बघा. मी जिवंत आहे तोवर दर रविवारी सकाळी माझा वर्ग भरतो. कोणाला न विचारता भरतो. बंद करायचा असेल तर माझ्या दारात या, आत या, खाली बसा, आणि माझ्या तोंडावर सांगा. मी नाही म्हणेन.