आईने पुसलेले सात फोटो

माझ्या आईने पुरावा नष्ट केला होता.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. हे ताईची परवानगी घेऊन लिहितेय. मी अशा पोस्ट लिहीत नाही, हे ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

गेल्या वर्षी दहाव्याला पनवेलच्या घरी आलेल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला.

"मोठी आली नाय?"

कोणीतरी चहा पिता पिता म्हणालं, "अमेरिकेत गेलं की कसली आई नि कसलं काय."

मी कप उचलले. उत्तर तेव्हा देता येत नव्हतं.

आता देते.

ताई नवऱ्यामागे अमेरिकेला गेली तेव्हा तिची लेक दोन वर्षांची होती. दोघी त्याच्या व्हिसावर. तो मारायचा. पुढे त्याने स्वतःचं ग्रीन कार्ड केलं आणि या दोघींची नावं अर्जात घातलीच नाहीत. त्याचा जुना व्हिसा संपला, त्यासोबत यांचाही.

"पोलिसांकडे गेलीस तर आधी तुलाच परत पाठवतील," असं तो सांगायचा. ताईला ते खरं वाटायचं. मलाही वाटलं असतं.

मारल्याचे फोटो ती आईला पाठवायची. मला नाही. पाठवले की स्वतःच्या फोनमधून काढून टाकायची, कारण तो फोन तपासायचा.

म्हणजे एकच कॉपी. आईच्या मोबाईलमध्ये.

ती आईने पुसली. कारण मला बघायला पाहुणे येणार होते.

"पावनं मोबाईल मागतात, मोठीच्या लग्नाचे फोटू दाखवा म्हनतात. त्यात ह्ये निगाले तर? एकीचं झालं ते झालं. दुसरीचं कशाला मोडू?"

स्थळ तसंही जमलं नाही. त्यांना खारघरला फ्लॅट असलेली मुलगी हवी होती.

वर्षभराने ताई लेकीला घेऊन घराबाहेर पडली. तिथल्या एका महिला संस्थेत तिला वकील बाई भेटल्या. त्यांनी सांगितलं की ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याने छळलेली बायको स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. त्याची सही लागत नाही. त्याला कळवतही नाहीत. लेक त्याच अर्जात येते.

अशी सोय आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "फोटो आहेत का?"

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तीन दिवस आईचा मोबाईल घेऊन बसले. बॅकअप बंद होता. काहीही परत आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आईला जे बोलले, ते इथे लिहिणार नाही.

ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लिव. पयला फोटू. गौरी जेवल्या, त्याच्या दुसऱ्या दिशी. डावा दंड. चार बोटं उठलेली. हातात हिरव्या बांगड्या, तीनच."

सात फोटो. सातही तिने सांगितले. कुठला उपास होता, कुठला हात, गाऊनचा रंग कोणता. मी जुनी कॅलेंडरं काढून तिथीवरून तारखा लावल्या. दोन तारखा तिथल्या दवाखान्याच्या कागदांशी जुळल्या. त्या दोन्ही वेळी ताईने तिथे सांगितलं होतं, जिन्यावरून पडले.

फोटो नसले तर ते पाहणाऱ्याचा जबाबही चालतो, असं वकील बाई म्हणाल्या. आईचा जबाब मी टाइप केला. नीटनेटका. वाचून दाखवला.

"ह्ये कोन बोलतंय?"

"तूच, आई."

"मी असं कदी बोलले? साहेबीन झाले काय मी?"

पुन्हा टाइप केला. तिच्याच शब्दांत.

"आनि मी पुसले, ते कुटं हाय?"

ते मी मुद्दाम गाळलं होतं. "ते लिहिलं तर केस कमजोर होईल."

"खरं हाय ते लिव. लाज वाटली म्हनून पुसले. लाज त्याला वाटाया पायजे होती, वाटली मना. ते बी लिव."

लिहिलं. नोटरीसमोर तिने एकेक अक्षर जोडत सही केली. सोबत मी इंग्रजी भाषांतर लावलं. वकील बाईंनी तो परिच्छेद जसाच्या तसा ठेवला.

अर्ज मंजूर झाला. पुढे ग्रीन कार्डाची वाट बघणं सुरू झालं, आणि त्यातच आईच्या हृदयाचं निघालं.

नियम असा आहे: त्या काळात परवानगीशिवाय देश सोडला, तर कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरतात. लेकीचा अर्ज ताईच्याच अर्जावर टेकलेला. परवानगी मागितली होती. आली नव्हती.

व्हिडिओ कॉलवर ताई म्हणाली, "मी येतेय. कार्ड गेलं तर गेलं."

आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आलीस तर दार उगडनार नाय मी."

"आई, असं काय बोलतेस!"

"येवढं सांगून लिवून घेतलं, ते फुकट घालवशील? नाय उगडनार."

चार दिवसांनी ती गेली.

ताईने सगळं मोबाईलवर पाहिलं. फोन मी धरला होता. फ्रेम हलू दिली नाही. तेवढंच तिच्यासाठी करता येत होतं.

तर, मोठी आली नाही. कारण आईने तिला येऊ दिलं नाही. ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्यासाठी हे उत्तर.

गेल्या महिन्यात कार्डं आली. दोन्ही. ताईने फोटो पाठवला. मी तो तीन ठिकाणी सेव्ह केलाय.

गुरुवारी ती येतेय, लेकीला घेऊन. मंगळवारी वाल भिजत घालेन. सोलायला तुझ्याइतका वेग नाही माझा.

आणि दार मी उघडेन, आई. रागावू नकोस.

तुझ्या दोन्ही मुलींचा तुला निरोप.