शांतवनची साक्ष आणि माझं फुफ्फुस

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या काचेला धरला आणि पेन्सिलीचं टोक उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागावर टेकवलं. "इथं कॅव्हिटी आहे," ते म्हणाले. कॅव्हिटी म्हणजे पोकळी. क्षयाच्या जंतूंनी खाऊन तिथं सुपारीएवढी जागा मोकळी केली होती.

अशा वेळी माणसाला बायको आठवते, मुलं आठवतात असं ऐकलं होतं. मला आठवला शांतवन, रहिमतपूरचा सुतार.

"घरात, ओळखीत कुणाला टीबी होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

हा आजार तुमच्या वाट्याला आला तर औषधांचं डॉक्टर सांगतीलच. मला सांगायचं आहे ते या 'नाही'बद्दल.

मी साताऱ्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमचं घराणं बॅप्टिस्ट ख्रिस्ती. जिथं कायमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाहीत अशा मंडळ्यांत रविवारी उपदेश करायला जातो. रहिमतपूर, वडूज, कधी लोणंद. आठवडाभर सूक्ष्मदर्शक आणि रविवारी बायबल. या दोघांचं माझ्या डोक्यात कधी भांडण झालं नाही, कारण मी त्यांची गाठच पडू दिली नव्हती.

पावसाळा सरता सरता संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. सदरे सैल झाले. फळ्यावर पानाची आकृती काढताना खोकल्याची उबळ आली की मुलं वह्यांत लिहायची थांबत. खडूची धूळ, असं मी सांगायचो. चार महिने खडूची धूळ चालली. मग वडूजला उपासनेत शेवटचं गीत चालू असताना रुमालावर रक्त आलं. मी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आशीर्वाद देऊन मोकळा झालो. तो घडी केलेला रुमाल बायकोला धुण्यात सापडला, म्हणून मी सांगलीजवळच्या क्षयाच्या इस्पितळात पोचलो.

तिथं सकाळी सहाला स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन असे, आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या. मग पी.ए.एस.च्या गोळ्या, एकावेळी मूठभर, त्यानं पोटात ढवळायचं. आणि आय.एन.एच. नावाची छोटी पांढरी गोळी, ती बिचारी काही त्रास द्यायची नाही. तीन औषधं एकदम कशाला, असं मी विचारलं.

"एकाला दाद न देणारे जंतू दुसऱ्यानं मरतात," डॉक्टर म्हणाले. "औषध अर्ध्यात सोडलं की टणक तेवढे उरतात आणि त्यांचंच बियाणं होतं." याला रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला बियाणं समजावून सांगावं लागत नाही. मी मान खाली घालून गोळ्या मोजत बसलो.

व्हरांड्यात खाटेवर न बोलता पडून राहणं हाही उपचार होता. तेव्हा मी माझी प्रार्थना न्याहाळायला लागलो, वर्गात रोपटं न्याहाळतो तशी. डोळे मिटले की मंडळीसमोरची वाक्यं यायची: हे दयाळू पित्या, आम्ही तुझी लेकरं. आम्ही कोण? खाटेवर मी एकटाच होतो. 'मी' म्हणून सुरुवात केली की पुढचं वाक्य येईना. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं बोललो होतो. याचं वाईट वाटायच्या आधी मला नवल वाटलं.

प्रयोगशाळेत दस्तगीरभाई थुंकी तपासायचे. मी माझी काचपट्टी बघायला मागितली.

"आवं सर, लोक नुसता रिपोर्ट बघाया भित्यात. तुमी थेट जंतूच बघाया आलाय."

सूक्ष्मदर्शकात निळ्या जमिनीवर बारीक तांबड्या काड्या पसरल्या होत्या. "सुरेख दिसतात," माझ्या तोंडून गेलं.

"तुमचंच हायत. जाताना न्या घरी," ते म्हणाले आणि दोघंही हसलो.

सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर काड्या तेवढ्याच. या वेळी दस्तगीरभाई हसले नाहीत. "आतापतूर कमी व्हाया पायजे हुतं, सर."

त्या दुपारी डॉक्टर खाटेवर येऊन बसले. "तुम्हाला ज्याच्याकडून लागण झाली त्यानं औषध अर्ध्यात सोडलं असावं असा मला संशय आहे. तसं असेल तर तुमचं औषध आजच बदलायला हवं. कल्चरला, म्हणजे जंतू नळीत वाढवून बघायला, अजून महिना लागेल. नीट आठवा. तो माणूस जिवंत असेल तर त्यालाही आणायला हवं."

आठवण्यासारखं काही नव्हतं. मला सगळं पाठ होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं, तसंच इथं सांगतो.

दीड वर्षापूर्वी शांतवन क्षयाची औषधं घेत होता. तीन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं. आमच्यात उपासनेत कुणीही उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. शांतवन लाजाळू. मीच त्याला उठवलं. तो चार वाक्यं बोलून खाली बसला, आणि मी व्यासपीठावरून म्हणालो, "प्रभूनं आपल्या भावाला संपूर्ण बरं केलं आहे." लोकांनी आमेन म्हटलं.

दोन महिन्यांनी त्याची बायको सगुणाबाई साताऱ्याला माझ्या दारात उभी राहिली. "सर, ह्यांनी गोळ्या सोडल्यात. तुमी सांगा, तुमचं ऐकत्यात." सांगतो म्हणालो. पण पुढच्याच महिन्यात लोणंदला तीन गावच्या मंडळ्या जमणार होत्या आणि शांतवनची साक्ष ठरली होती. ती झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. मग सुट्टी लागली, मग परीक्षा आल्या. दर खेपेला त्याच्या एका खोलीच्या घरात त्याच्या शेजारी बसून जेवलो, आणि तो पुन्हा खोकायला लागला तेही ऐकलं. माझ्या उपदेशानं कुणीतरी बरं झालं होतं, हे मला फार आवडलं होतं. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. औषधं बदलली. इथिओनामाइड म्हणून एक असतं, ते घेतल्यावर पी.ए.एस. बरी वाटते. मग म्हणाले, "त्याला पत्र मी लिहिलं तर तो येणार नाही. बरा झालास हे तुम्ही सांगितलंय. नाही झालास हेही तुम्हीच सांगा."

माझं पत्र मिळाल्यावर चौथ्या दिवशी दोघं रेल्वेनं आली. शांतवनच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांत डाग होते. दाखल झाल्यावर तो व्हरांड्यात स्टुलावर बसला. गालफडं बसली होती. सगुणाबाई पाठीमागं उभी.

मला इतके दिवस एक जाणून घ्यायचं होतं, ते मी विचारलं. "माझ्या उपदेशातलं कुठलं वाक्य ऐकून तू गोळ्या सोडल्यास?"

"उपदेश व्हय? त्यातलं काय बी ध्यानात न्हाई, सर. मी म्हनलो हुतो, खोकला गेला आन् भूक लागती. तुमी म्हनला, संपूर्ण बरा. घरी येऊन गोळी हातात घेतली तर वाटलं, देवळात एक आन् घरात एक? मग साक्ष खोटी झाली. दिल्या वढ्यात टाकून."

म्हणजे वीस वर्षांत माझा एक शब्द कुणीतरी तंतोतंत पाळला होता, आणि तो मी नीट न बघता वापरलेला होता.

"शांतवन, तू गोळ्या सोडल्यास हे सगुणाबाईनं मला सांगितलं होतं. दोनच महिन्यांनी."

त्यानं मागं वळून बायकोकडं पाहिलं.

"दर ऐतवारी मी वाट बघत हुते," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "वाटायचं, आज सांगत्याल. तुमी आपलं, कसा हाईस रं, म्हणून फुडं जायचा."

"मग लोणंदला मला परत उभं केलं," शांतवन म्हणाला, "तवा तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

तो उठला, स्टूल उचललं आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आमच्या खाटांमध्ये सहा खाटा होत्या. पाच आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. मी माफी मागितली तेव्हा त्यानं मान फिरवली. रोज सकाळी नर्ससमोर गोळ्या गिळून तो जीभ काढून दाखवायचा, तेवढं मला दिसे.

माझी थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू दिसेनात, त्या आठवड्यात तो माझ्या खाटेपाशी आला.

"कवा सुटनार?"

"पुढच्या महिन्यात. घरी गोळ्या वर्षभर चालू."

"मग रहिमतपूरला जावा. त्यो शबुद तुमी घातलाय, तुमीच काढा. मी सांगितलं तर लोक म्हनत्याल, ह्याचा इस्वासच कच्चा." छातीवर बोट टेकवून म्हणाला, "इस्वास कच्चा न्हाई माजा. फुफ्फुस कच्चं हाय."

मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा टिपण न काढता उभा राहिलो. "शांतवन संपूर्ण बरा झाला असं मी म्हणालो होतो. ते मला माहीत नव्हतं. तो औषध सोडून बसलाय हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. तो खोटं बोललेला नाही. तो आज इस्पितळात आहे, त्याचे जंतू कमी होतायत, पण डॉक्टर अजून खात्री देत नाहीत. मलाही तोच आजार झाला आणि माझी औषधं चालू आहेत." आमेन कुणी म्हटलं नाही. दोघे वडीलधारे उठून बाहेर गेले. पुढच्या रविवारी मला बोलावणं येईल की नाही, ते उरलेल्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि मला त्याचं कुतूहलच जास्त वाटत होतं.

त्या डॉक्टरांचे, दस्तगीरभाईंचे उपकार आहेतच. सगुणाबाईचे किती, ते मला मोजता येत नाही. ती अजून दर आठवड्याला भाकरी बांधून इस्पितळात जाते.

त्या दिवशी उपासना सुटल्यावर मंडळीतल्या राहेलआजी मागं राहिल्या. इतक्या वर्षांत उपदेशानंतर मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. चांगलं झालं म्हणत आणि जात.

"सर, माझ्या सुनंला सांच्याला ताप येतोय. तीन म्हैनं झालं, आमी प्रार्थना करतोय. सांगलीला जायाला गाडी कवा हाय?"

मी वेळ सांगितली. "मंगळवारी मला तपासणीला जायचंच आहे. सुनेला घेऊन स्टेशनावर या."

"मग प्रार्थना थांबवू का?"

"नको," मी म्हणालो. "गाडीत करू."