कॉलनीचं सांडपाणी माझ्या नावावर

किश्श्यांचं आणि टाकीतल्या गाळाचं सारखंच असतं. दोन्ही आपोआप साचतात आणि वेळच्या वेळी उपसले नाहीत तर घरच्यांना त्रास होतो. माझ्याकडे सध्या दोन्हींचा साठा भरपूर आहे. हैदराबादेत नल्लकुंट्याला आमचे जुने मित्र जमतात तेव्हा कुणी मुलाच्या ग्रीन कार्डाचं सांगतं, कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनचं. माझ्याकडे वळून मात्र सगळे एकच विचारतात, "काय कंधारकर, काय म्हणतंय सांडपाणी?"

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. आमची कॉलनी अगदी छोटी, उप्पलच्या पुढे, मुसी नदीच्या काठाला. बिल्डरने 'रिव्हर फेसिंग' म्हणून विकली. आम्ही घरं घेतली आणि नदीकडच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या. सरकारी ड्रेनेज लाइन अजून आमच्यापर्यंत पोचलेली नाही. म्हणून मागच्या बाजूला आमचा स्वतःचा प्लांट आहे. सगळ्या घरांचं सांडपाणी तिथे स्वच्छ होतं आणि एका पाइपातून नदीत जातं. त्याला पोल्यूशनच्या ऑफिसची परवानगी लागते. ती बिल्डरच्या नावावर होती. ती संपली, आणि बिल्डर तर त्याच्याही आधी गायब झाला होता. मग नोटीस आली, की पावसाळ्याच्या आत नवीन परवानगी घ्या, नाहीतर पाइपाचं तोंड सिमेंटने बंद करण्यात येईल.

पाइपाचं तोंड बंद झालं की पाणी कुठून वर येतं, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

*

नोटिशीसाठी मीटिंग बोलावली. सुरुवातीचा सगळा वेळ लोक पार्किंगवरून भांडले. मी आपला कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो. रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मीटिंगची सवय सुटली नव्हती, म्हणून सहज विचारलं, "पण हे पाणी प्लांटमधून निघाल्यावर नक्की जातं कुठे?"

इतकी वर्षं तिथे राहून हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

समोरच्या घरातली नेहा फाटक, पुण्याची, आयटीत मॅनेजर, गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला यात इंटरेस्ट दिसतोय." लगेच टाळ्या पडल्या आणि मी सेक्रेटरी झालो. ज्याला प्रश्न पडतो त्याच्याच गळ्यात घंटा बांधतात, हे विमा कंपनीत उभी नोकरी करूनही मला कळलं नव्हतं. आता मीटिंगमध्ये मी फक्त बिस्किटं खातो.

*

मला एक खोड आहे. समोर खुर्चीत सरकारी माणूस दिसला की माझ्या तोंडून आधी "सॉरी" निघतं आणि पाठोपाठ "उद्यापर्यंत दुरुस्त करतो." साहेबांच्या हाताखाली दिवस काढले, त्याचं हे पेन्शन.

पोल्यूशनच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो. काउंटरवरच्या क्लार्कने मान वर केली मात्र, मी म्हणालो, "सॉरी साब, कल तक ठीक कर देता हूँ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "साब, मैं अभी कुछ बोल्याच नै."

अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, पाणी सोडणाऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव. ते माझं. नमुना नापास झाला तर उत्तर द्यायला उभं राहायचं कुणी, तर मी. घरी येऊन सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, कागद दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "आयुष्यभर मागे लागले, एखादा प्लॉट नावावर करा म्हणून. तो काही झाला नाही. कॉलनीची घाण तेवढी झाली."

*

प्लांट चालवायला यादगिरी नावाचा माणूस आहे. बोलायला पक्का. पहिल्या दिवशी त्याने मला टाकीच्या काठावर उभं केलं आणि खाली उकळल्यासारखं दिसणारं तपकिरी पाणी दाखवलं. "साब, मैं कुछ नै करता. ये लोगां करते." हे लोग म्हणजे टाकीतले जिवाणू. हवा सोडायची, ते घाण खातात, पाणी निवळतं. यादगिरी त्यांच्यासाठी रोज उदबत्ती लावतो. प्लांट चांगला चालला तर उदबत्तीमुळे, बिघडला तर वोल्टेजमुळे, असा त्याचा हिशेब आहे. मला त्याहून जास्त काही कळत नसल्यामुळे आमचं छान जमतं.

पाण्याचा नमुना लॅबला पाठवायचा होता. मधे रविवार आला, आणि नमुना तर थंड ठेवावा लागतो. मी बाटली नीट धुतली, भरली, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, 'सांडपाणी (शुद्ध)', आणि आमच्या फ्रिजमध्ये ताकाच्या मागे ठेवली.

त्याच दिवशी लातूरहून व्याही आले. भला माणूस. कुणाला त्रास नको म्हणून स्वतःच पाणी घ्यायला फ्रिज उघडला. आम्हाला काही बोलले नाहीत. पण जेवायला बसले तर म्हणे पोट जड आहे. संध्याकाळी जड, दुसऱ्या दिवशीही जड. फक्त केळी खाल्ली आणि कोपऱ्यावरचं नारळपाणी प्यायले. सुनंदाने आग्रहाचं श्रीखंड पुढे केलं, तर त्यांनी दोन्ही हात जोडले.

ते गेल्यावर सुनंदाने ताक काढायला फ्रिज उघडला आणि तिला बाटली दिसली. "अहो," ती म्हणाली, "म्हणून तो माणूस सालं असलेलंच खात होता."

*

आता खरी गंमत. म्हणजे आता गंमत. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इन्स्पेक्शनची तारीख आली. पोल्यूशनच्या ऑफिसातल्या मॅडम स्वतः येऊन नमुना घेणार होत्या. मला वाटलं, कॉलनी कशी चकचकीत दिसली पाहिजे. पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? घर धुऊन काढतो. मी बेगम बाजारला गेलो, होलसेलमध्ये फिनाइलचे कॅन उचलले, ऑटोत घालून आणले आणि घरोघरी स्वतःच्या हाताने एकेक वाटला. ग्रुपवर मेसेज टाकला: 'इन्स्पेक्शन आहे. सर्वांनी आपापली बाथरूम, मोऱ्या सढळ हाताने स्वच्छ कराव्यात.'

एरवी माझा मेसेज कुणी वाचत नाही. या वेळी मात्र सगळी कॉलनी इरेला पेटली. नेहाने तर 'डीप क्लीन चॅलेंज' ठेवलं. लोकांनी माझं फिनाइल संपवलं, वर घरचं अॅसिड आणि ब्लीचही ओतलं. पोरं मोऱ्यांचे फोटो टाकत होती. मी प्रत्येक फोटोला अंगठा देत होतो.

सकाळी यादगिरीचा फोन. "साब, सब लोगां मर गए."

मी अंथरुणातून उठून बसलो. "कौन लोग?"

"टाकीवाले साब. सब के सब. फेस आ रा."

धावत गेलो. टाकीवर माणूसभर उंच पांढरा फेस आणि सगळीकडे पाइनचा घमघमाट. घाण खायला जे जिवाणू आम्ही पाळले होते, त्यांनाच आम्ही धुऊन काढलं होतं. आणि मारेकऱ्यांना हत्यारं मीच पुरवली होती, तीही होलसेलमध्ये. यादगिरीची उदबत्ती मात्र बाजूला इमानदारीत जळत होती.

मी मॅडमना फोन केला. सॉरी म्हणालो. या वेळी खरंच कारण होतं. त्यांनी तारीख पुढे दिली, पण स्पष्ट सांगितलं, "सर, ये लास्ट है. इसके बाद पाइप बंद."

त्या दिवशी मी जेवलो नाही. कॉलनीतली सगळी घरं डोळ्यांसमोर येत होती. कुणाकडे बाळंतीण, कुणाकडे अंथरुणाला खिळलेले आजोबा. पाइप बंद झाला तर यांनी जायचं कुठे? आणि माझं नाव निघणार. मला खरंच भीती वाटली.

*

यादगिरी म्हणाला, दुसऱ्या चालू प्लांटमधला जिवंत गाळ आणून टाकला तर आपली टाकी परत उभी राहील.

"म्हणजे विरजणच की," सुनंदा म्हणाली. "शेजारून आणा वाटीभर. त्यात काय?"

त्यात हेच, की शेजारच्या कॉलनीचा प्लांट वास मारतो अशी लेखी तक्रार गेल्याच महिन्यात आम्ही केली होती. सही अर्थातच माझी. तिथले सेक्रेटरी सय्यद साहेब, जुने हैदराबादी, कडक इस्त्रीचा कुर्ता. तोंड कसं दाखवायचं? पण गरजवंताला अक्कल नसते. गेलो.

त्यांनी बसवलं, चहा मागवला, उस्मानिया बिस्किटं ठेवली. तब्येत विचारली, मुलांचं विचारलं, आंब्यांचं विचारलं. तक्रारीचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. असल्या अदबीच्या तहजीबीत ती वस्तू मागायची कशी? शेवटी तेच म्हणाले, "फरमाइए कंधारकर साब, कैसे तकलीफ किए?"

"जी, वो, आपके प्लांट का थोडा गाळ चाहिए था."

सय्यद साहेबांनी कप खाली ठेवला. "मियाँ," ते हळूच म्हणाले, "उमर गुजर गई. लोगां मेरे दरवाजे पे शीर खुर्मा मांगने आए, हलीम मांगने आए. ये पहली बार है." मग आत बघून आपल्या ऑपरेटरला हाक मारली, "अरे, ताजा निकाल के देना. पड़ोसी हैं अपने."

गाळाने भरलेले निळे ड्रम त्यांनी आपल्याच टेंपोतून पाठवले. आम्ही ओतले, हवा सोडली. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी टाकीपाशी. सुनंदा वरून विचारायची, "लागलं का विरजण?" आणि लागलं. पाणी हळूहळू निवळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी सुनंदाला सांगितलं नाही. तिला दिसलंच.

*

ड्रम परत पाठवायची वेळ आली. आम्ही ते घासून धुतले. टेंपो उभा, आणि सुनंदा आडवी आली. "रिकामे पाठवताय?"

"अगं, ते कशाचे ड्रम आहेत?"

"कशाचे का असेनात. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. माझ्या आईने कधी दिलं नाही, मीही देणार नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण ड्रममध्ये खायचं घालून कसं द्यायचं? शेवटी प्लांटच्याच पाण्यावर वाढवलेल्या मोगऱ्याची एक भरलेली कुंडी तिने एका ड्रममध्ये ठेवली, माती सांडू नये म्हणून वर झाकण लावलं आणि टेंपो रवाना केला.

थोड्या वेळाने सय्यद साहेबांचा फोन आला. आवाज जरा घाबराच. "कंधारकर साब, ड्रम आए, शुक्रिया. एक ड्रम भारी है." मग थांबून म्हणाले, "पसंद नै आया क्या? वापस भेज दिए?"

झाकण उघडा, म्हटलं. मोगरा आता त्यांच्या गेटपाशी आहे आणि आमची तक्रार आम्ही मागे घेतली.

*

शेवटची तारीख. मॅडम आल्या, नमुना घेऊन गेल्या, आणि लॅबचा रिपोर्ट चांगला आला. आता फक्त पाइप नदीला मिळतो ती जागा बघून कागदावर सही करायची बाकी होती. त्यासाठी त्या परत आल्या, त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. नेहा, यादगिरी, सय्यद साहेब, निम्मी कॉलनी मागे. बाथरूमला जाणं लोकांनी जणू थांबवूनच ठेवलं होतं.

काठावर पोचलो. मुसी कशी असते तशीच होती. काळीभोर, वर साबणासारखा फेस तरंगत चाललेला. आणि आमच्या पाइपाच्या तोंडाशी, अंगणाएवढ्या जागेत, पाणी निवळशंख. तळाचे गोटे दिसत होते. त्यात बोटभर मासे फिरत होते. एक बगळा तिथे येऊन उभा होता.

मॅडमनी वाकून गोटे पाहिले, मासे पाहिले. मग त्यांनी फाइल उघडली, अटींच्या पानावर बोट ठेवलं आणि चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाल्या, "सर, कंडिशन में लिखा है, आपके पानी से नदी का कलर चेंज नहीं होना." बगळ्याकडे पेन दाखवलं. "इधर तो चेंज हो रहा."

मी हात जोडले.

"सॉरी मॅडम," मी म्हणालो, "कल तक ठीक कर देता हूँ."

तो कागद आम्ही फ्रेम करून क्लबहाउसात लावला आहे. सही जरा वाकडी आली आहे. हसता हसता मॅडमचा हात हलत होता.